गाडीचं आवतन

बाबानं एकदाच सांगतलं, "खांदमळणीच्या सांजेले, पोळ्याच्या आदल्या दिशी, गाडीची चारही दारं बराबर लागली पायजे. नाई लागली, तं पोळ्याच्या सकाळी भंगारवाला. गोठ्यात मले सोयाबीन ठेवाचं हाय."

माहा बाप कडूबा. त्याच्या तोंडून निघालं की विषय संपला. पन मी बी त्याचाच पोरगा. आमची अँबेसेडर भंगारात? अबे, दवाखान्यात पोचाच्या आंधी मी तिच्याच मांगच्या सीटवर जन्मलो! इंजन अजून ठणठणीत होतं, बॉडीची मात्र गंजून चाळणी झाली होती.

मंग मी देवानंदले पकडलं. देवानंद माहा लहानपनचा दोस्त, संग्रामपुरात लोखंडी गेटं बनवते. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हने, "काय हाय बे गोविंदा हिच्यात? चार गेटं आन एक छत!" तिथंच मले समजाले पायजे होतं.

बैल इकल्यापासून गोठ्यात गाडीच उभी होती. तिथं आमचा कारखाना सुरू झाला. गंजलेला पत्रा कापा, नवा ठोकून बसवा, वेल्डिंग मारा, खड्ड्यात लांबी म्हंजे पुट्टी भरा, मंग घासा, घासा आन घासा. पांढऱ्या धुळीनं आमी दोघं भुतावानी दिसो. भांडन तं रोजचंच. पन गाडीचा गोल मडगाड पयल्यांदा बराबर बसला, तवा आमी दोघं गोठ्यात नाचलो. खरं सांगतो, एवढी मजा मले माह्या लग्नात बी नाई आली.

खांदमळणीच्या दिवशी पांढरा रंग मारून झाला. तीन दारं टक्कन लागली. चौथं, डायवर बाजूचं, देवानंदनं सगळं नवं बनवलं होतं, गेटच्या जाड पत्र्याचं. ते लोंबकळलं. लागाचं नावच घेईना.

"अबे, हे दार हाय का फाटक?"

"मजबूत हाय," तो म्हने.

"मजबूत? दाराचे कब्जे वाकून राह्यले येड्या!"

गुडघ्यानं रेटलं, पहार लावून उचललं, काई फायदा नाई. सांजेले बाबा आला. त्यानं दार ओढलं, सोडलं. ते परत खाली आलं.  खिशातून फोन काढला आन भंगारवाल्याले सकाळी बलावलं. मी हातातला पाना भिताडावर फेकला. देवानंद खाली मान घालून बसला.

तेवढ्यात माही माय, आशाबाई, वाटीत लोनी-हयद घेऊन गोठ्यात आली. कोनाले इचारलं नाई. गाडीच्या पुढच्या दोन्ही मडगाडाले तिनं खांदमळणीले बैलाच्या खांद्याले चोळतेत तशी हयद चोळली. रंग ओला होता. पाचही बोटं उमटली.

"माय, रंग!" मी वरडलो.

"गप रे!" आन गाडीकडं पाहून म्हने, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

बाबा चिडला, "अवं, ती काय बैल हाय?"

"बैल इकले तवा मले इचारलं व्हतं तुमी? दोन पोळे झाले, माह्या दारात काईच नाई. आता म्या आवतन देलं. जेवाले बलावलेल्याले उपाशी भंगारात धाडता का? धाडा. मी बी पुरन शिजवत नाई."

बाबानं मडगाडावरच्या हयदीच्या बोटाईकडं पाह्यलं. मंग म्हने, "पुरनाच्या पोया दोन जास्त बनवजो. भंगारवाला बी येऊन राह्यला."

सकाळी भंगारवाला पोटभर जेवला आन रिकामाच गेला. दुपारी बाबा स्वताच स्टेरिंगवर बसला, माय बाजूले. दार लागेना, तं त्यानं बैलाच्या जुन्या दाव्यानं बांधून टाकलं. मले म्हने, "गोविंदा, पोळ्याच्या तोरनापाशी बैलाच्या रांगेत कोनामांगं लावू रे?"

देवानंदनं मले मिठीच मारली. मी म्हटलं, "सगळ्याच्या मांगं लाव बाबा. आन हॉर्नले हात लावू नको, बैलं बुजतीन."