भिकूमावशीचा राहिलेला पेपर

“मन्हं नाव काढी टाक,” भिकूमावशी म्हणाली आणि राजेंद्र सरांनी सत्कारासाठी आणलेली शाल तिने परत त्यांच्याच हातात ठेवली. तीही पीठ लागलेल्या हातांनी.

राजेंद्र सर आमच्या कॉलेजचे प्राचार्य. ‘आमच्या’ म्हणजे मी काही तिथे शिकत नाही, मी अजून दहावीत आहे. पण पप्पा तिथे शिकवतात, आम्ही आवारातच राहतो, म्हणून आमचंच. शहाद्याहून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं छोटंसं ख्रिस्ती कॉलेज. मुलं जेमतेम साठ. गावोगावच्या चर्चसाठी पाळक आणि शिक्षक इथून तयार होतात, आणि भिकूमावशी त्यांना जेवू घालते. रविवारी कॉलेजला पन्नास वर्षं होणार होती, सूत्रसंचालन माझ्याकडे! तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर आल्यापासून माइक दिसला की मला राहवतच नाही. आई म्हणते, नंबर आला नसता तर घरात शांतता तरी असती.

माझ्या निवेदनातलं सगळ्यात झकास वाक्य होतं, ‘पहिल्या तुकडीतील एकमेव हयात विद्यार्थिनी, श्रीमती भिकुबाई!’ आणि तीच म्हणत होती, काढून टाक.

“अगं,” मी म्हटलं, “हजेरीच्या वहीत तुझं नाव आहे. अकरावं. मी स्वतः बघितलं.”

“शे ना. पन मी परीक्षा दिधीच नही. परीक्षा नही, ते इद्यार्थी कसानी? खोटं बोलीसन शाल लेऊ का?”

सरांनी शालीवरचं पीठ झटकलं. मग मावशीने काठवट बाजूला सारली आणि सांगितलं. हे सगळं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी रोज तिच्या हातची भाकरी खाते, तरीही.

नवलसिंग सरांनी कॉलेज काढलं तेव्हा दोन खोल्या होत्या, एक शिकायची, एक स्वयंपाकाची. पोरं होती दहा. चर्चच्या वरच्या मंडळींचं पत्र आलं : बारा विद्यार्थी असतील तरच पुढे चालवा, नाहीतर दिवाळीला बंद करा. दोन कमी. कुणीतरी सुचवलं, दोन नावं अशीच लिहून टाका, कोण बघतंय! नवलसिंग सर चिडले म्हणे. ते सरळ चुलीपाशी आले. भिकूमावशी तेव्हा पंचविशीची, सारंगखेड्याची, नवरा गेलेला, नुकतीच स्वयंपाकाला लागलेली. अक्षरओळख तेवढी होती.

“भिकू, तुझं नाव लिहू का? पण लिहिलं तर रोज बसावं लागेल.”

“मंग भाकरी कोन टाकी, सर? तुम्ही?”

सरांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी वर्गच उचलून स्वयंपाकघरात आणला! भिंतीवर कोळशाने लिहायचे, खाली बसून शिकवायचे. त्यांची बायको दिवलीबाई मावशीचा हात धरून अक्षरं गिरवून घ्यायची, तेवढ्या वेळात सर भाकरी उलटायचे. करपवायचे, पण उलटायचे. बारावा विद्यार्थी अमृत गाडीवान. तो वर्गात घोरायचा, पण बसायचा. त्यामुळे वहीतलं एकही नाव खोटं नव्हतं.

“आनि परीक्षाना दिवस,” मावशी म्हणाली, “वरथून सात साहेब उनात, परीक्षा लेवाले. त्यासले वरन-बट्टी कोन खावाडी? अकरा जण ओट्यावर लिखी ऱ्हायंतात. मी बट्ट्या करी ऱ्हायंती. सर म्हनेत, भिकू, तुन्ही पुढला साले लेसूत.”

“मग?”

“पुढला साले तीस जण उनात. मंग मन्हं नाव कोनले लागस?” तिने तव्यावरची भाकरी उलटली. “सरले काम कितलं! त्या इसरी गयात. मी बी इचारं नही.”

शेवटचं वाक्य ती तव्याकडे बघत बोलली. तोंडात आलं ते मी बोलून टाकलं, “मग आता दे ना!”

राजेंद्र सर हसले. मावशी हसली नाही.

“तो पेपर शे का आजून?” तिने विचारलं.

होता! जुन्या फायलीत, नवलसिंग सरांच्या अक्षरात, दहा प्रश्न, शंभर गुण. मावशीने अटी घातल्या : तीन तास, तोंडी नाही, कुणी शेजारी बसून सांगायचं नाही, आणि त्या दिवशीचा स्वयंपाक तुम्ही बघा.

शनिवारी पहिल्या वर्षाची चाचणी होती. त्यांच्याच हॉलमध्ये, शेवटच्या बाकावर, धुतलेलं पातळ नेसून आणि चष्मा पुसून मावशी बसली. इकडे प्राचार्य आणि मी साठ जणांची खिचडी करत होतो. तिखट मी टाकलं आणि सरांनीही टाकलं, हे आम्हाला नंतर कळलं. पोरांनी पाणी पीत पीत खाल्ली, बिचारी.

संध्याकाळी सरांनी पेपर तपासला. एकतीस. पास व्हायला पस्तीस हवेत.

दहावा प्रश्न कोरा होता. ‘या वर्षी आपल्या कॉलेजात काय घडले ते पाच ओळींत लिहा.’

“मावशी! हे तर तुला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत!” मी जवळजवळ ओरडले.

“टाइम सरी गया. मन्हा हात बैलगाडीगत चालस.”

“चारच गुणांचा प्रश्न आहे,” राजेंद्र सर हळूच म्हणाले, “मी जरा...”

“सर!”

दूध उतू जाताना पोरांना ओरडते ना, तसा आवाज. सरांनी लाल पेनाला टोपण लावलं. मावशीने एकतीसच्या आकड्यावरून बोट फिरवलं, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

“नापास ते नापास. पन नापास इद्यार्थी बी इद्यार्थीच ऱ्हास ना?”

“असतोच की,” सर म्हणाले.

“मंग मी येसू. आनि ममता, तू ‘नापास’ बी सांगशी हां माइकवर. दपाडू नको.”

रविवारी मंडप गच्च भरला. पाहुण्यांचं भाषण सुरू झालं : संस्थापकांची दूरदृष्टी, सेवेचा दीपस्तंभ, असं बरंच. त्यानंतर मावशीचा सत्कार होता. मी खुर्च्यांमधून तिला शोधत गेले, तर ती पहिल्या वर्षाच्या पोरांमध्ये बसलेली. मांडीवर कालचा पेपर, हातात कुणाचं तरी पेन. दहाव्या प्रश्नाखाली तीन ओळी झाल्या होत्या.

‘आम्ही बारा होतो. चूल एक होती. सर खाली बसून शिकवत.’

“आता याचे मार्क मिळणार नाहीत, मावशी,” मी तिच्या कानाशी म्हटलं.

“माले माहीत शे,” ती मान वर न करता म्हणाली.

टाळ्या वाजल्या. भाषण संपलं होतं. मी धावत माइकपाशी गेले आणि सांगितलं, तिने सांगितलं होतं तस्सं : पहिल्या तुकडीच्या विद्यार्थिनी, काल परीक्षेला बसल्या, चार गुणांनी नापास झाल्या, श्रीमती भिकुबाई! सगळा मंडप वळून बघू लागला. राजेंद्र सर शाल उलगडून उभे राहिले.

मावशीने नुसता डावा हात वर केला.

“थांब वं माय, एक ओळ ऱ्हायनी शे.”

लोक हसले. मग हळूहळू गप्प झाले. मीसुद्धा माइक खाली घेतला आणि थांबले.