आ करा, नेतेसाहेब

शाळांमधली मुलांच्या दातांची तपासणी सरकारनं बंद केली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पत्रं लिहून पाहिली, हेलपाटे घालून पाहिले. शेवटी रागाच्या भरात त्यांनी खासदारकीच्या निवडणुकीचा अर्जच भरला, तोही अपक्ष म्हणून. अर्धं शहर कधी ना कधी त्यांच्यासमोर आ करून बसलेलं. त्यामुळे बाई निवडूनही आल्या.

पंचाईत पुढेच होती. दोन्ही मोठ्या पक्षांना अगदी सारख्या जागा मिळाल्या आणि अख्ख्या सभागृहात अपक्ष त्या एकट्याच. त्या ज्यांना हो म्हणतील त्यांचं सरकार.

दुसऱ्याच दिवशी सकाळी एका पक्षाचे मिशीवाले नेते दवाखान्यात हजर. दाराशी टेबलावर बाईंची मावशी वही उघडून बसली होती.

"मला डॉक्टरांशी खासगी बोलायचंय."

"काय दुखतंय?"

"दुखत नाही हो. देशाच्या भवितव्याचा प्रश्न आहे."

"वरची दाढ का खालची?"

नेत्यांनी मुकाट्यानं खालची सांगितली.

खुर्चीत आडवं पडताच ते सुरू झाले, "बाई, आमच्या पक्षात तुम्हाला..."

"आ करा."

आरसा आत, नळी आत, कापसाचे बोळे आत. बाईंना आयुष्यात पहिल्यांदाच एवढा शांत पुढारी बघायला मिळाला.

"शाळांमधली तपासणी पुन्हा सुरू कराल ना?"

"आँ."

"यंदाच?"

"आँ!"

"मी तुमच्या पक्षात येणार नाही. चालेल?"

नेत्यांनी डोळे मोठे केले. पण दाढ खरोखरच किडलेली निघाली, आणि सुई टोचताना त्यांच्या तोंडून तिसरा "आँ" सर्वांत मोठा आला.

बाहेर बाकावर दुसऱ्या पक्षाच्या ताईसाहेब बसल्या होत्या, गाल धरून. मिशीवाल्यांचा अर्धा चेहरा बधिर. ते ऐटीत "नमस्कार" म्हणायला गेले, तर "नमफ्कार" निघाला. ताईसाहेब फिस्सकन हसल्या. मात्र त्यांचे दात ठणठणीत होते, आ करायला त्या काही तयार होईनात, आणि तासभर बोलूनही त्यांनी शाळांचं नाव काढलं नाही. बाईंनी मिशीवाल्यांना बाहेरून पाठिंबा दिला.

हे बघून बाकीच्या खासदारांच्या पोटात दुखायला लागलं. "वीस वर्षं पक्षाच्या सतरंज्या उचलल्या," एकजण म्हणाला, "आपल्याला कुणी पाणी विचारत नाही, आणि या बाईंच्या बाकावर नेते ताटकळत बसतात!" त्यानं पक्ष सोडला. मग दुसऱ्यानं, मग जोडीजोडीनं. सहा महिन्यांत तेवीस अपक्ष झाले आणि एका रविवारी सगळे दवाखान्यात बैठकीला आले.

"आपण अपक्षांनी एकत्र यायला हवं," पहिला म्हणाला.

"म्हणजे पक्ष काढायचा?"

"छे! पक्ष नाही. फक्त अध्यक्ष, सरचिटणीस आणि एक झेंडा."

झेंड्याच्या रंगावरून असं काही जुंपलं, की पाचजण गट स्थापन व्हायच्या आधीच गटातून फुटले आणि एक्स-रेच्या खोलीत कडी लावून बसले. एकजण तर या दोन्ही गटांपासूनही वेगळा होऊन जिन्यात उभा राहिला. मावशीनं केरसुणी काढली तेव्हा कुठे मंडळी पांगली.

बाई डोकं धरून बसल्या. आता या देशाचं काय होणार, अशी त्यांना खरोखरच धास्ती वाटली. पण झालं भलतंच. कुणाचंच बहुमत ठरलेलं नसल्यानं मिशीवाल्यांना प्रत्येक कायद्यासाठी एकेकाच्या दारी जाऊन विचारावं लागे, "तुमचं काय म्हणणं?" आणि विचारल्यावर ऐकावंही लागे. कामं रखडत, कुरकुरत, पण होऊ लागली. शाळांची तपासणी तर पहिल्याच महिन्यात सुरू झाली होती.

पहिलीच्या वर्गात बाई स्वतः गेल्या. एका चिमुरडीनं "आ कर बाळा" ऐकून छान आ केला आणि त्यांचं बोट कचकन चावलं.

"अगं!" बाई कळवळल्या.

"दात घट्ट आहेत का ते बघितलं," ती म्हणाली.

नंतरचा आठवडाभर डॉक्टरीणबाई सभागृहात भलीमोठी पट्टी बांधलेलं बोट वर करून मत देत होत्या.