तोटीतलं रबर

आमच्या प्रयोगशाळेत दादाच्या डेअरीतल्या दुधाचा नमुना मला तपासू दिला नाही. नातेवाइकाचा म्हणून साहेबांनी स्वतः तपासला आणि निकाल आल्यावर मला बाजूला बोलावलं. "लिस्टेरिया आहे. तुमची वहिनी..." वहिनीला सातवा महिना लागलाय, हे त्यांना मीच कौतुकाने सांगितलं होतं. हा जंतू धडधाकट माणसाला सहसा फारसं काही करत नाही. म्हाताऱ्यांना आणि पोटातल्या बाळांना सोडत नाही. शेजारच्या मास्तरांची आई तापाने फणफणली, दवाखान्याने कळवलं, म्हणून तर नमुना आला होता.

लोकांच्या दुधातली घाण शोधून शोधून मी कंटाळले आहे. दुकानाला टाळं लागतं, चार दिवसांनी निघतं, पुन्हा तोच नमुना येतो. कशाचं काही वाटेनासं झालं होतं. त्या दिवशी मात्र अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी दादाकडे जाणारी पहिली बस पकडली.

"आमचं दूध?" दादा उसळला. "मी स्वतः उकळतो, गार करतो. भांडी कढत पाण्याने धुतो. तुम्हाला माझंच दुकान सापडलं?"

त्याचं खोटं नव्हतं. दूध नीट उकळायचं, गार व्हायचं आणि मग बाबांच्या जुन्या स्टीलच्या पिंपात पडायचं. उकळलेलं म्हणून गिऱ्हाइकं घरी नेऊन तसंच प्यायची. वहिनीलाही रोज त्यातलाच पेलाभर.

"पिंपाची तोटी कधी खोलली होतीस?" मी विचारलं.

दादाने बाबांकडे पाहिलं. तोटी बाबांनी बसवली होती. कुणी हात लावायचा नाही, गळायला लागेल, असं बजावलं होतं. आमच्या घरात बाबांचा शब्द मोडत नाहीत. पिंप रोज लख्ख घासायचं, तोटी बाहेरून पुसायची.

पाना मीच आणला. "गळेल हं," बाबा खुर्चीतून म्हणाले. आतलं रबर निघालं ते काळं, बुळबुळीत. वासाने दादाने तोंड फिरवलं. बाबांनी हात पुढे केला, मी ते त्यांच्या तळहातावर ठेवलं. ते त्याच्याकडे बघत राहिले.

मी आतल्या खोलीत धावले. "वहिनी, ताप आलाय का? बाळ हलतंय ना? ऊठ, आधी डॉक्टरकडे जाऊ."

"अहो वन्सं, श्वास तरी घ्या." तिला सगळं ऐकू गेलं होतं. "जाऊ या डॉक्टरकडे. पण मी ते दूध पुन्हा उकळून प्यायचे. गुपचूप."

"का?"

"वास यायचा. बरेच दिवस झाले."

"मग बोलली का नाहीस?"

"बाबांना वाईट वाटलं असतं."

माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच असा संताप आला, की हिला मिठी मारावी का दोन ठेवून द्याव्यात, कळेना.

तेवढ्यात दुकानातून मास्तरांचा आवाज आला. "अरे, आज तोटी का खोलून ठेवलीय? पेलाभर दूध दे बाबा. दवाखान्यात न्यायचंय. आईला दुसऱ्या कुणाचं चालत नाही."

दादाचा आवाज आला नाही. बाबांचाही नाही.

वहिनी भिंतीला धरून उठली. "मी सांगते त्यांना," म्हणाली आणि बाहेर गेली.