कोठारातले उंदीर

कंपाउंडरच्या पायाला सकाळपासून भिंगरी लागली होती. शाळेच्या ज्या वर्गात जखमींना ठेवत, तिथून तो फाटकापर्यंत जाई, टपालाची गाडी आली नाही हे बघून परत येई, बँडेज गुंडाळायला घेई आणि अर्धवट टाकून पुन्हा उठे. खिशात धाकट्या भावाचं पत्र होतं.

गावात तो डॉक्टरांकडे औषधं बांधून द्यायचा, म्हणून पलटणीत सगळे त्याला कंपाउंडर म्हणत. इथलं काम मात्र वेगळंच. गोळीबार चालू असताना पोटावर सरपटत जायचं, रक्त थांबवायचं आणि माणूस ओढून आणायचा. घरी त्याने यातलं अवाक्षर कळवलं नव्हतं. आईच्या जिवाला घोर नको म्हणून पहिल्याच पत्रात त्याने लोणकढी थाप ठोकली, की आपली नेमणूक औषधांच्या कोठारात झाली आहे. मग थापेला थाप जोडणं आलंच. कोठारात उंदीर आले, उंदरांमागे झारा घेऊन धावणारा जाडजूड आचारी आला. आई ती पत्रं शेजारणींना वाचून दाखवायची आणि हसून हसून डोळे पुसायची.

आता धाकट्याने लिहिलं होतं, ‘दादा, परीक्षेचं काही खरं नाही. सोमवारी भरतीवाले येतायत. नाव देतो आणि तुझ्याच कोठारात येतो. एक उंदीर माझ्यासाठी राखून ठेव.’

कंपाउंडरने ते चारदा वाचलं होतं. पोराला त्याने स्वतःच्या हाताने बोलावणं धाडलं होतं.

आजच्या गाडीने उत्तर गेलं, तरच ते सोमवारच्या आत पोचणार होतं. तो मुलांच्या बाकावर कसाबसा गुडघे कोंबून बसला आणि खरं ते लिहीत सुटला. कोठार नाही. उंदीर नाहीत. काल तुझ्याच वयाचा एक मुलगा माझी कॉलर धरून बूट मागत होता, आणि बूट घालायला पाय उरले नव्हते. येऊ नकोस.

बाहेर जाणारं प्रत्येक पत्र पलटणीचे साहेब तपासायचे. युद्धाआधी ते लोकांचे दात काढायचे, आता पत्रांतली नको ती वाक्यं काढत. त्यांनी दोन्ही पानं वाचली आणि चष्मा वर सरकवला.

“हे असं जाऊ देता येत नाही, माहितीये ना तुला?”

“माहितीये साहेब.”

“मग दुसरं लिही. अभ्यास कर म्हणावं, आईला सोडून येऊ नकोस म्हणावं.”

“तो कशाला ऐकेल? त्याच्या लेखी मी इथे मजेत आहे ना.”

फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. कंपाउंडर दारापर्यंत गेला आणि परत आला.

“काळं करा साहेब. सगळं करा. पण पाठवा.”

“अरे, मग उरणार काय?”

“माझ्या एकाही पत्राला आजवर तुम्हाला शाई लावावी लागली नाही. हे काळं झालेलं बघून घरच्यांना काय ते कळेल.”

साहेबांनी दौत ओढली आणि एकेक ओळ काळी करत गेले. वरचं ‘धाकट्या’ आणि शेवटचं ‘येऊ नकोस’ तेवढं ठेवलं.

“एवढं नियमात बसतं,” ते म्हणाले.

त्यानंतर नव्या भरतीचा ट्रक आला की कंपाउंडर हातातलं काम टाकून धावे आणि एकेक चेहरा न्याहाळी. शेवटी उत्तर आलं. अक्षर धाकट्याचं होतं.

‘दादा, नाही गेलो मी. आईने तुझं पत्र खिडकीशी उजेडात धरून पाहिलं, पण काही दिसलं नाही. आता ती तुझी जुनी पत्रं रोज काढून वाचते. उंदरांपाशी आली तरी हसत नाही.’

कंपाउंडरचा जीव भांड्यात पडला. पण शेवटची ओळ त्याला पुन्हा वाचवेना. तो बाकावर बसला, कोरा कागद घेतला आणि ‘प्रिय आई’ एवढं लिहिलं. पुढे काय लिहावं हे त्याला कळेना. आचारी आठवून बघितला, तोही कामाला आला नाही. तेवढ्यात बाहेर कुणीतरी स्ट्रेचरसाठी हाक मारली आणि तो उठला.