पायपुसण्यावरचा चेहरा

"ओठ जरा रुंद घ्या, मास्तर. पाय बरोबर तितंच पडला पायजे," ग्राफच्या कागदावर बोट ठेवून रामहरीशेठ म्हणाला.

धोंडप्पानं मान हलवली. टॉवेलच्या कारखान्यात चाळीस वर्षं तो हेच करत आला होता. कागदावरचे बारीक चौकोन पेन्सिलीनं भरायचे, की मागावर मोर उमटायचा. आता सगळं कॉम्प्युटरवर होतं, पण माणसाचा चेहरा म्हटलं की मालकाला अजून धोंडप्पाच लागायचा. या खेपेचा चेहरा होता परमुलखात पळून गेलेल्या एका पुढाऱ्याचा. त्याच्याच देशातून रामहरीनं पाच हजार पायपुसण्यांची ऑर्डर आणली होती. तिकडचा टीव्ही दिवसरात्र एकच सांगत होता, की युद्ध पेटवलं ते या पळपुट्यानं.

त्या युद्धातच धोंडप्पाचा पोरगा गुरुशांत गेला. तिकडच्या बंदरावर तो वेल्डर होता, नोकरी रामहरीनंच लावून दिलेली. बॉम्ब पडला आणि घरी एक बंद पेटी आली. त्याच्या आईला, हेमावतीला, पोराचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही.

"ह्यानं खाल्ला तुमचा पोरगा," रामहरी म्हणाला. "घ्या सूड उगवून."

"घेतो की."

आणि काय मन लावून काढला त्यानं तो चेहरा! डोळे भरताना पेन्सिलीचं टोक कागदातून आरपार जायचं. हजारो पाय या तोंडावर पडणार, चिखलाचे, शेणाचे, या विचारानं महिन्याभरात पहिल्यांदा त्याला भाकरी गोड लागली. पहिला नग त्यानं कुंभारी गावातल्या आपल्या घरी उंबऱ्याशी टाकला. हेमावती येता-जाता त्यावर टाच घासायची.

रविवारी होटगीचा यशपाल भेटायला आला. तिकडं तो गुरुशांतच्याच खोलीत राहायचा, नुकताच परतला होता. पायपुसणं बघून तो थबकला आणि ओलांडून आत आला.

"अप्पा, ह्यो मानूस कशाला टाकलाय पायात?"

"माझा पोरगा खाल्ला त्यानं."

"न्हाय ओ. त्यानंच दोन दिस आदी मोबाईलवर सांगितलं हुतं, बंदरावर हल्ला हुनार, कामगारांनो, निघा म्हनून. आमी पिशव्या भरल्या हुत्या. पासपोर्ट तेवढं मॅनेजरकडं. गुरुशांतनं ग्रुपवर शेठला इचारलं, तर ह्ये आलं बगा."

यशपालनं मोबाईल लावला. तो आवाज धोंडप्पानं हजारात ओळखला असता. "त्या पळपुट्याचं काय ऐकता रे? मीच सांगितलंय मॅनेजरला, करार संपेस्तोवर एकाचाबी पासपोर्ट सोडायचा न्हाय."

हेमावतीनं तोंडात पदर कोंबला. धोंडप्पा उठला, पायपुसणं उचलून झटकलं, घडी घातली आणि फळीवर ठेवलं.

"भलत्यालाच तुडवलं गं आपन," तो म्हणाला.

चौकात रामहरीच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता. सोनेरी चष्मा, कपाळाला गंध, तोंडभर हसू. दुसऱ्या दिवशी धोंडप्पा कामावर न जाता समोरच्या चहाच्या गाड्यावर बसला आणि मांडीवर ग्राफचा कागद पसरला. पोराचं तोंड बघायला मिळालं नव्हतं. हे तोंड मात्र त्यानं चौकोन चौकोन करून बघितलं. नंतर रात्री कारखान्यातल्या नमुन्याच्या मागावर त्यानं चाळीस नग काढले. नोकरी जाणार, हे त्याला ठाऊक होतं. निघताना पेन्सिलींचा डबा त्यानं सोबतच घेतला.

आठवड्यानं त्याचा निरोप गेला: नग घरी ठेवलाय शेठ, बघून जावा.

रामहरी गल्लीत शिरला आणि जागीच चपापला. दारोदार तेच पायपुसणं. सोनेरी चष्मा, गंध, हसू. हसण्यावर चिखल वाळलेला. बायका उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. धोंडप्पाच्या दाराशी येईपर्यंत रामहरीचा चेहरा पडला होता.

"मास्तर, ह्ये काय चालवलंय?" आवाज चढवायला गेला, पण चढला नाही.

धोंडप्पा दारातून बाजूला झाला. आत भिंतीवर गुरुशांतचा फोटो होता, त्याला ताजा हार घातलेला.

"या की, शेठ," तो म्हणाला. "आत पोरगा हाय. पाय पुसून या."