खाडीकाठचा देव नसलेला दगड

माझ्यापुढे हात जोडणार असाल, तर जरा थांबा. मी देव नाही. कोलशेतजवळच्या खाडीकाठी होड्या बांधायला रोवलेला गुडघाभर उंचीचा दगडी खुंट आहे मी.

मला इथे रोवलं तेव्हा या काठावर पोर्तुगीज फिरंग्यांचा अंमल होता आणि पलीकडे दुसऱ्या कुणाचा. राज्यकर्ते एकमेकांवर डोळे वटारत. व्यापारी मात्र माझ्याशेजारी बसून मिठाचे, भाताचे, सागाचे भाव ठरवत. चार वखारी, एक चौकी, एक विहीर, एवढीच वस्ती. पण गजबज अशी की बोलू नका. कोण कुठून आला, कुणाचं कुणाशी बिनसलं, सगळं मला कळायचं. ओल्या दोरांनी माझ्या गळ्याला खोल खाच पडली, आणि मला तिचा भारी अभिमान होता.

पुढे खाडी गाळाने भरली. गलबतं येईनाशी झाली, वखारी पडल्या, माणसं आतल्या गावात गेली. चिखलात तिवरांची झाडं माजली. नुसतं उभं राहून कंटाळा येतो हो.

मग काठाजवळ नव्या इमारती उठल्या आणि साताऱ्याकडची मालन तिथे कामाला आली. तिच्या गावी बांधावरचा असा दगड म्हणजे देवच. तिने मला शेंदूर फासला, खाच बुजवली आणि रोज सुखदुःख सांगू लागली. मला शेंदूर आवडला नाही, पण मालन आवडली.

परवा खाडीलगत रस्त्याचं काम निघालं. मुकादम सुधीरने मालनला आणि आतल्या गावच्या म्हाताऱ्या डॉरिसला विचारलं, "देव असेल तर नीट हलवून छोटं देऊळ बांधून देतो. नसेल तर भरावात टाकतो."

डॉरिसने वाकून मला नीट न्याहाळलं. माझा जीव टांगणीला लागला.

"देव नाय तो," ती शेवटी म्हणाली. "आमचे जुने लोक होड्या बांधायचे याला. बाप दाखवायचा मला."

मालनचा चेहरा पडला. "मग मावशी, मी इतकी वर्षं कुणाला सांगत होते सगळं?"

"यालाच. ऐकलं ना यानं?"

मालनने तेलाचं फडकं आणून शेंदूर पुसला. खाचेतून हळूहळू बोट फिरवलं.

"मग टाकू ना भरावात?" सुधीर म्हणाला.

मालन माझ्यावर ऐसपैस बसली. "टाका की. आधी मला उचला."

देवावर ती कधी बसली नसती. सुधीर डोकं खाजवत साहेबांना फोन लावतोय. ती डॉरिसला विचारतेय, मीठ कुठून यायचं, होड्या केवढ्या असायच्या. डॉरिसला निम्मंच ठाऊक आहे. उरलेलं मला ठाऊक आहे, आणि मला तोंड नाही. तेव्हा तुम्हीही या, बसा, आणि विचारत राहा.