सरव्याला इंग्रजीत काय म्हणतात

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. ज्वारीची काढणी झालेलं एक वावर आहे. कणसं खळ्यावर गेली, कडबा बांधून झाला, उरलीत ती पायाला टोचणारी धसकटं. तुम्ही अनवाणी, जपून पाऊल टाकत चालला आहात. तेवढ्यात एका धसकटाच्या आडोशाला दाण्यांनी भरलेलं कणीस दिसतं. वावर तुमचं नाही. मालक लांब आहे. उचलाल का?

घाई नको. विचार करून सांगा.

मथुरेच्या घरी याचं उत्तर ठरलेलं होतं. पुणतांब्याच्या शिवारात तिच्या वडिलांचं, कारभारींचं, सात एकर वावर होतं. आई, साळूबाई, तिला लहानपणापासून बजावायची, "खाली पडलेल्या कनसाला आपुन हात लावायचा न्हाई. त्यो सरवा. ज्याला वावर न्हाई, त्याचा."

आणि मग कडूबाई यायची. कडूबाईला ना वावर, ना बैल. दर साली काढणी उरकली की ती पदराची ओटी खोचून सरवा वेचायला हजर. मथुरा तिच्या मागं मागं फिरायची.

"मावशे, तू अशी उलटी का बसतीस?" तिनं एकदा विचारलं होतं.

"खळ्याकडं पाठ करून बसायचं, पोरी. सरवा येचनाऱ्यानं ढिगाकडं तोंड करायचं नसतं. उद्या कुनी म्हनायला नको, कडूचा हात ढिगात गेल्ता."

ही रीत कुणी कागदावर लिहून ठेवलेली नव्हती. पण गावात ती सगळ्यांना ठाऊक होती.

पुढं बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसले. वावरात कणीस धरलंच नाही, तर सरवा कुठला? सातासमुद्रापलीकडून लाल ज्वारी आली. लोक तिला मिलो म्हणत. पुणतांब्याच्या स्टेशनात मालधक्क्यावर मालगाडीच्या, मिलोनं भरलेल्या वाघिणी रित्या होत. हमाल आकडे मारून पोती ओढत, पोत्यांना भोकं पडत, दाणे फरशीवर सांडत. एकेक ट्रक भरून हलला की कडूबाई आणि चार-सहा बाया येत आणि फटीफटीतले दाणे वेचत. श्रीमंत नावाचा मुकादम त्यांना हटकत नसे. त्याच्या आईनंही सरव्यावरच त्याला वाढवलं होतं.

मथुरा तेव्हा आठवीत होती. इंग्रजीत तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं, आणि हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्या आठवड्यात धड्यात लढाईची गोष्ट होती. रंगनाथ गुरुजींनी फळ्यावर तीन शब्द लिहिले: लूट, प्लंडर, रॅन्सॅक. "मराठीत सांगा."

"लुटणे," मथुरा म्हणाली. "लुबाडणे. आणि तिसरा, घर धुंडाळून सगळं लुटून नेणे."

"शाब्बास. आणि गंमत ऐका. यातला पहिला शब्द मुळात आपल्याकडचा. साहेब इकडे आला आणि तो शब्द तिकडे घेऊन गेला."

मागच्या बाकावरून बन्सी म्हणाला, "म्हंजी गुर्जी, त्यांनी शबुदबी लुटूनच नेला म्हना की!"

वर्ग खदखदून हसला. गुरुजीही हसले.

दोनच दिवसांनी, ज्या देशातून मिलो येत होती तिथला एक साहेब आला. आपलं धान्य नीट पोचतं का, हे त्याला पाहायचं होतं. त्याचा दुभाष्या तापानं कोपरगावातच आडवा झालेला. सोबत होता फक्त जीपचा ड्रायव्हर, आणि त्याला साहेबाचं इंग्रजी उजवं-डावं सांगण्यापुरतंच कळायचं. तेव्हा बोलावणं शाळेत आलं. गुरुजींचं इंग्रजी फळ्यावर फार सुंदर होतं, तोंडात मात्र यायचं नाही. त्यांनी मथुरेला पुढं केलं आणि स्वतः दोन पावलं मागं उभे राहिले.

मालधक्क्यावर साहेबानं बोटानं दाखवत हळूहळू विचारलं, "या बायका काय करताहेत?"

मथुरेनं कडूबाईला विचारलं. कडूबाईचं तोंड हसून एवढं मोठं झालं. "अगं, सांग त्याला, सरवा येचतोय म्हनावं. आन म्हनावं, तुझ्या मुलखाचं दानं लई ताठ हायती बाबा, शिजता शिजत न्हाईत!"

बाया हसल्या. साहेबही, काही न कळता, हसला.

सरवा. मथुरेनं आठवून पाहिलं. पुस्तकात कुठं हा शब्द आलाच नव्हता. 'वेचणं' याला पिकिंग म्हणतात, एवढं तिला येत होतं. पण तो पाचवीतला शब्द, फुलं वेचण्याचा. त्यात दिमाख नव्हता. साहेब वाट पाहत होता. गुरुजी पाहत होते. तिच्या जिभेवर या आठवड्याचे कोरे करकरीत शब्द नुसते नाचत होते.

"सर," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "दे लूट."

साहेबाच्या भुवया वर गेल्या. "लूट?"

"येस सर. दे प्लंडर."

साहेब पुढं काय बोलला ते तिला ऐकू आलं नाही. कारण तिची नजर कडूबाईकडं गेली होती.

आख्ख्या इंग्रजीतला तो एकच शब्द कडूबाईला कळला होता. तिचं हसू तोंडावरच वाळलं. ती सावकाश उठली, ओटी सोडली आणि सकाळपासून वेचलेले सगळे दाणे पोत्यांच्या पायाशी ओतून दिले. पदर झटकला. एक दाणा चिकटून राहिला होता, तोही नखानं काढून टाकला. मग ती निघून गेली. तिच्या मागोमाग बाकीच्याही गेल्या.

साहेबानं श्रीमंत मुकादमाला खुणेनं आणि ड्रायव्हरच्या हिंदीतून सांगितलं. श्रीमंतनं मान खाली घालून मालधक्क्याला दोर बांधला. आता आत फक्त हमाल.

"गुड गर्ल," म्हणून साहेबानं मथुरेच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात तिला निखाऱ्यासारखा वाटला.

दुपारच्या सुट्टीत ती घरी आली. साळूबाईनं पितळीत लाल भाकरी वाढली.

"रेशन तर संपल्तं ना? हे पीठ कुठनं आनलंस?"

"कडूनं दिलं, काल सूपभर दानं. म्हनली, आजवर तुमच्या वावरात सरवा येचला, औंदा माझ्या सरव्यातलं तुमी खा." साळूबाई चुलीकडं तोंड करून बोलत होती. "मला लाज वाटत हुती घ्यायला. पन ती कुठं ऐकती!"

मथुरेनं तोडलेला तुकडा हातातच राहिला. लुटीचा माल म्हणून तिनं साहेबाला सांगितला, तो तिच्याच पितळीत होता. आणि देणारीनं तो हसत दिला होता.

"आई," ती म्हणाली, "मी कडूमावशीला लुटारू म्हनले."

साळूबाई वळली. मथुरेनं सगळं सांगितलं, पिकिंगसुद्धा. मी मुद्दाम मोठा शब्द घेतला, हेही सांगितलं. हे सांगणं सगळ्यात अवघड गेलं.

साळूबाई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "ती भाकर आता झाकून ठिवते. तुझ्यानं गिळवंल तवा खा."

मथुरा धावत शाळेत आली. वऱ्हांड्यात गुरुजी एकटेच बसले होते. डबा उघडा होता, पण घास घेतलेला दिसत नव्हता.

"गुर्जी, मी चुकीचं सांगितलं."

"मी ऐकलं होतं, मथुरा." त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही. "तुझ्या मागंच उभा होतो. साहेबाला 'नाही, असं नाही' एवढंच म्हणायचं होतं. माझं इंग्रजी चुकलं तर पोरं हसतील, या भीतीनं तोंडच उघडलं नाही."

मोठ्या माणसालाही अशी लाज वाटते, हे मथुरेला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"सरव्याला इंग्रजीत काय म्हनतात?"

"मला येत नाही. आणि माझ्या डिक्शनरीतही सापडत नाही. केव्हाचा शोधतोय." गुरुजींनी डबा बंद केला. "साहेबाची गाडी निघायला वेळ आहे अजून. चल. शब्द नसला तरी चल."

मालधक्क्याच्या दोराबाहेर, लिंबाखाली, बाया बसल्या होत्या. कडूबाई पाठमोरी होती. साहेब शेवटची वाघीण पाहत होता. एक फाटकं पोतं तिथंच पडलं होतं. त्याच्या भोकातून दाणे ओघळत होते. नुसता हात लावला तरी ओंजळ भरली असती.

मथुरा दोराखालून आत गेली. "ए पोरी!" श्रीमंत ओरडला. गुरुजींनी त्याचा दंड धरला.

ती साहेबापुढं उभी राहिली. मोठे शब्द आता एकही आठवत नव्हते, आणि नको होते.

"सर. नो लूट," ती म्हणाली. "आय... राँग."

साहेबाला नीट कळलं नाही. त्यानं ड्रायव्हरकडं पाहिलं. ड्रायव्हरनं खांदे उडवले.

मग मथुरा त्या फाटक्या पोत्यापाशी गेली. त्यावर हात ठेवला आणि साहेबाकडं पाहून मोठ्यानं म्हणाली, "नो!" हात काढून घेतला. फरशीच्या फटीतला एक दाणा दोन बोटांनी उचलला आणि त्याला दाखवला. "येस. धिस, येस. सरवा."

"सर-वा?" साहेब म्हणाला.

लिंबाखाली कडूबाईनं मान वळवली.

मथुरेनं परकराची ओटी खोचली. पोत्यांच्या थप्पीकडं पाठ केली, लहानपणी वावरात पाहिली होती तशी, पुरती पाठ. आणि सगळ्यांच्या देखत गुडघ्यांवर बसून ती कडूबाईनं ओतून दिलेले दाणे वेचू लागली.